कॉपी, परीक्षा आणि आपली मुलं

(विहाराच्या वर्धापन दिनी अभ्यासिकेच्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. काही उपासकांनी आग्रह धरल्यामुळे ते येथे छापीत आहोत.)



वर्धापन दिनाला आपण आपल्या कामाचं कौतुक करतो. ही रीत चांगली आहे. विहाराच्या माडीवर चालणाऱ्या अभ्यासिकेतून किती मुलं दहावी झाली, किती बारावी झाली, कोण नोकरीला लागलं, हे दरवर्षी याच ठिकाणी उभं राहून आम्ही सांगत आलो. टाळ्याही घेतल्या. परंतु यंदा आम्ही ठरवलं की जे सांगायला लाज वाटते तेही एकदा सांगावं. घरातली गोष्ट घरात नाही बोलायची तर कुठे बोलायची?

काही वर्षांमागची हकीकत आहे. आपल्या वस्तीतला एक मुलगा दहावीच्या परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. कंपासपेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली चिठ्ठी भरारी पथकाच्या हाती लागली. पेपर काढून घेतला, लेखी जबाब घेतला आणि पुढे रीतसर त्याची त्या परीक्षेची संपादणूक रद्द झाली. त्या रात्री त्याची आई माडीवर आली. ती चार घरची धुणीभांडी करते. रोज रात्री साडेआठला मुलाचा डबा घेऊन येणारी ती बाई त्या दिवशी रिकाम्या हाताने आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, माझ्या पोरानं चोरी केली म्हणतात. रोज पंचशील म्हणतो हो तो. तुम्ही सांगा, त्यानं चोरी केली का?"

आम्ही पाच जण तिथे होतो. कुणालाच पटकन बोलता येईना. मग तो मुलगा, जो इतका वेळ जिन्यातच उभा होता, खालच्या मानेनं बोलला, "सर, ती चिठ्ठी तुमच्याच नोट्सची होती. झेरॉक्सवाल्याकडून बारीक करून आणली होती."

बांधवांनो, खरंच ती आमचीच होती. 'हमखास येणारे वीस प्रश्न' म्हणून आम्हीच उत्तरं लिहून काढली होती, प्रती काढून वाटल्या होत्या आणि "शब्दन् शब्द पाठ करा" असं बजावलं होतं. ज्यांना पाठ झालं त्यांनी डोक्यात नेलं, ज्याला झालं नाही त्यानं कंपासपेटीत नेलं. उत्तर दोघांचंही नव्हतं, ते आमचं होतं. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या मुलानं चूक केली हे खरंच, परंतु त्या चुकीचा काही वाटा आमच्याकडेही येतो, हे त्या दिवसापासून आम्ही मान्य केलं आहे. आजचं हे बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

कॉपी म्हटलं की आपल्याला मुलगा दिसतो. त्याच्यामागे किती माणसं उभी आहेत ते दिसत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पानाची उत्तरं काड्याच्या पेटीएवढी करून मिळतात. अपेक्षित प्रश्नांचे संच बाजारात असतात. शाळेला निकालाची टक्केवारी हवी असते, कारण निकाल घसरला तर पट घसरतो आणि पट घसरला तर शिक्षकाची जागा जाते. म्हणून कुठे पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत राहतात, कुठे फळ्यावर उत्तरं लिहिली जातात. आणि कुंपणाबाहेर उभे असतात ते आपणच, भाऊ, काका, मित्र, कधी कधी तर बापसुद्धा.

२०१५ च्या मार्च महिन्यातला एक फोटो तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. बिहारमध्ये दहावीची परीक्षा चालू होती आणि शाळेच्या तीन-चार मजली इमारतीच्या भिंतीवर माणसं चढली होती. खिडक्यांतून आतल्या मुलांना चिठ्ठ्या देत होती. हा फोटो जगभर गेला. तो जिल्हा कोणता, ठाऊक आहे? वैशाली. ज्या वैशालीचं नाव आपण वंदनेइतक्या आदराने घेतो, जिथे महाप्रजापती गौतमीला आणि तिच्याबरोबर चालत आलेल्या स्त्रियांना संघाचं दार उघडलं गेलं, त्याच वैशालीत आईबाप पोरांसाठी भिंती चढत होते. हसू नका. पडलो तर हाडं मोडतील हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. मुलगा मॅट्रिक झाला नाही तर त्याचं आयुष्य मोडेल, असं त्यांना त्याहून जास्त वाटत होतं.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. आपल्या महाराष्ट्रात १९८२ पासून परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. २०१० साली नांदेड जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोठी मोहीम घेतली आणि पुढे कॉपीमुक्त अभियान हा शब्द राज्यभर रूढ झाला. २०२५ च्या परीक्षेआधी, ज्या केंद्रांवर मागच्या काही वर्षांत गैरप्रकार उघड झाले होते तिथे केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक बाहेरच्या शाळेतले नेमायचे, असं मंडळानं ठरवलं. मोठ्या परीक्षांची गोष्ट तर आणखी वेगळी. ५ मे २०२४ ला वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा झाली. पेपरफुटीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हजारीबाग आणि पाटणा इथे पेपर फुटल्याचं न्यायालयानं मान्य केलं, मात्र सबंध परीक्षा रद्द करण्याइतका पुरावा नाही असं ठरलं. त्याच वर्षी १८ जूनला झालेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. २१ जून २०२४ पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला. त्यात गैरप्रकार करणाऱ्यांना ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. टोळी करून हा धंदा करणाऱ्यांना ५ ते १० वर्षं कैद आणि किमान १ कोटी दंड आहे.

एक कोटी! म्हणजे या धंद्यात किती पैसा असेल ते समजून घ्या. तो पैसा कुणाकडे आहे? आपल्या वस्तीत नक्कीच नाही. आपलं पोर काड्याच्या पेटीएवढ्या चिठ्ठीसाठी पकडलं जातं आणि लाखो रुपये मोजणारा फुटलेला पेपर घेऊन पुढे जातो. म्हणून हा कायदा हवाच. कॉपीचं सर्वांत जास्त नुकसान कुणाचं होतं, तर ज्याच्याजवळ ओळख नाही, पैसा नाही आणि फक्त स्वतःचा अभ्यास आहे त्याचं.

इथे एक गोष्ट नव्या पिढीनं नीट लक्षात ठेवावी. परीक्षा ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं. शिकवणाऱ्यानं नकार दिला आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. वर्गात शिक्षकाची मर्जी चालत होती, आणि ती मर्जी जात पाहत होती. तरी १९०७ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. एका मॅट्रिकच्या निकालासाठी सभा! कारण त्या निकालावर कुणाची मर्जी चालली नव्हती.

आजही बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, आडनाव नसतं. असतो तो बैठक क्रमांक आणि बारकोड. तपासणाऱ्याला कळत नाही की हे पोर कोणत्या वस्तीतलं. ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याचं आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो त्यालाच कळेल. २०२५ च्या जानेवारीत बारावीच्या हॉल तिकिटावर जातीच्या प्रवर्गाचा रकाना छापून आला तेव्हा राज्यभर टीका झाली आणि मंडळाला ती हॉल तिकिटं मागे घेऊन नवी द्यावी लागली. तो आरडाओरडा उगाच नव्हता. म्हणून कुणी म्हणालं की परीक्षाच बंद करा, तर आम्ही त्याला हात जोडून सांगू, बाबा रे, जरा थांब. परीक्षा बंद झाली तर पुन्हा मर्जी सुरू होईल. आणि मर्जीच्या राज्यात आपलं काय झालं ते आपल्या आज्या-पणज्यांना विचार.

मग प्रश्न असा येतो की परीक्षा राहू दे, पण ती मोजते काय?

शंभर टक्के कॉपीमुक्त केंद्र घ्या. पोलीस आहेत, कॅमेरे आहेत, झेरॉक्सची दुकानं बंद आहेत. आतला मुलगा पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवतो. पेपर संपतो. पंधरा दिवसांनी त्याला तेच विचारा, निम्मं गेलेलं असतं. त्यानं चोरी केली नाही, हे या परीक्षेवरून कळलं. तो शिकला की नाही, हे कुठे कळलं? जे उत्तर चिठ्ठीत मावतं, तो प्रश्नच मुळात चिठ्ठीएवढा असतो. तसले प्रश्न विचारत राहिलं तर भरारी पथकं वाढवावी लागतील, दुसरं काही होणार नाही.

सरकारलाही हे कळत होतं. म्हणून वेगवेगळे प्रयोग झाले. २०१० पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीला आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, म्हणजे वर्षभर मुलाकडे पाहायचं, एका पेपरवर सगळं ठरवायचं नाही. कल्पना चांगली. पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात जनगणना आणि निवडणुकीची कामं, मग शिक्षक तरी काय करणार? कित्येक ठिकाणी वर्षअखेरीस बसून नोंदवह्या भरल्या गेल्या. ती शिक्षकांनी केलेली कॉपीच म्हणा ना!

दहावीचे आकडे पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले. २०१९ चा निकाल आला ७७.१० टक्के. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी मूल्यमापन केलं, तर निकाल ९९.९५ टक्के! आता २०१९ ला पुस्तकंही नवी होती आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हे ध्यानात घेतलं पाहिजे. तरीसुद्धा विचार करा. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं होतं का? मुलं तीच होती. बदलली ती मोजपट्टी. मोजपट्टी लांब-आखूड केली म्हणून पोराची उंची वाढत नाही, ही गोष्ट शिंप्यालासुद्धा माहीत असते.

तेव्हा आमच्यापुढे दोन्हीकडून कोंडी होती. लेखी परीक्षा पाठांतर मोजते आणि अंतर्गत गुण मर्जीवर जातात. बोर्ड बदलणं आमच्या हातात नव्हतं. पण माडीवरची अभ्यासिका तर आमच्या हातात होती! तिथे तरी आपण वेगळं विचारू या, असं ठरलं.

पहिला धडा आम्ही बाबासाहेबांच्याच चरित्रातून घेतला. १९२२ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी दिला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला सांगितलं. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला, पाठवला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. आता पाहा, जगातली एवढी मोठी पदवी, तिथे परीक्षकानं 'नापास' असा शिक्का मारून दार लावलं नाही. हे दुरुस्त करा आणि परत आणा, असं म्हटलं. आणि आपण दहा वर्षांच्या पोराला घटक चाचणीत एकदा चुकला की लाल शाईनं भोपळा देतो आणि विषय संपवतो! तेव्हापासून अभ्यासिकेत नियम केला. चाचणीत चुकलेलं उत्तर त्याच मुलानं आठ दिवसांत दुरुस्त करून आणायचं, कुठे चुकलं ते स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहायचं, आणि मग गुण द्यायचे. चुका लिहायची एक वेगळी वहीच प्रत्येकाला दिली. आधी मुलं ती वही लपवायची. आता एकमेकांना दाखवतात.

दुसरी गोष्ट आपल्या धम्माच्या कथांतली आहे, तुम्ही ऐकलेली आहे. चुल्लपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावानं, जो स्वतः भिक्खू होता, त्याला निघून जायला सांगितलं. भगवंतांनी त्याला परत बोलावलं, एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि हातानं चोळत बसायला सांगितलं. चोळता चोळता कापड मळलं, आणि जे गाथेतून कळलं नव्हतं ते त्याला त्या मळलेल्या कापडातून कळलं. थोरल्या भावाची परीक्षा एकच होती, पाठ झालं का? त्या परीक्षेत तो नापास. परंतु त्याच्यात समज नव्हती असं नाही, त्याला विचारायची रीत चुकली होती. आमच्या अभ्यासिकेतून अशी किती मुलं आम्ही 'याला काही येत नाही' म्हणून मनातल्या मनात घालवून दिली असतील, याचा हिशेब आम्ही त्या दिवसांत केला.

तो हिशेब एका मुलानं आमच्या डोळ्यांत अंजन घालून करून दाखवला. नववीचा मुलगा, गणितात कायम दहाच्या आत. एका रविवारी आम्ही गणित असं घातलं: बचत गटातून आईनं ५,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये, राहिलेल्या मुद्दलावर. दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत एकूण व्याज किती? हुशार मुलांनी सूत्र लावलं आणि १,००० रुपये असं उत्तर दिलं. हा पठ्ठ्या म्हणाला, "चूक. पहिल्या महिन्याला १००, मग ९०, मग ८०, असं करत शेवटी १०. सगळे मिळून ५५०." कारण त्याच्या आईच्या गटाची वही तोच लिहायचा! शाळेनं त्याला गणित येत नाही असं ठरवलं होतं, आणि वीस बायांचा हिशेब त्याच्या हाती होता.

त्यानंतर रविवारची चाचणी आम्ही पुस्तक उघडं ठेवून घेऊ लागलो. पुस्तक, वही, गाईड, काय पाहिजे ते घेऊन बसा म्हटलं. मुलं खूश! पण प्रश्न वाचला आणि चेहरे उतरले. एक उदाहरण सांगतो. पूर्वी आम्ही विचारायचो, 'महाडच्या सत्याग्रहावर टीप लिहा.' आता विचारलं, 'सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यावर जाऊन पाणी का प्यावं लागलं?' आता काढा चिठ्ठी! पुस्तकात तारखा सापडतील, ठराव मांडणाऱ्या बोल्यांचं नाव सापडेल. पण कागदावर दिलेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांत काय अंतर असतं, ते पोरालाच विचार करून लिहावं लागतं. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "आमच्या सोसायटीत पण नियम आहे कामवाल्या बाईनं लिफ्ट वापरू शकते, पण आईला जिन्यानंच जायला सांगतात." वाक्य व्याकरणात चुकलं होतं. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

तिसरा बदल तोंडी विचारण्याचा. हल्ली मोबाईलला सांगितलं की निबंध, प्रकल्प, टिपण सगळं क्षणात तयार होऊन मिळतं. अक्षर पोराचं, डोकं यंत्राचं. ते हुडकत बसण्यात अर्थ नाही. आम्ही लिहून आणलेलं हातात घेतो आणि समोर बसवून विचारतो, "ही ओळ का लिहिलीस? तुझ्या धाकट्या बहिणीला समजावून सांग बघू." ज्याला सांगता आलं त्याचं ते झालं, मग त्यानं कुठून का आणलेलं असेना. पण वर सांगितलेली मर्जीची भीती आम्हाला विसरता येत नव्हती. म्हणून तोंडी घेताना एकानं कधीच घ्यायचं नाही, दोघांनी बसायचं, दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे, फरक पडला तर मुलासमोर कारण सांगायचं. लेखी चाचणीच्या कागदावर नाव न घालता क्रमांक घालायचा. आमचेच कार्यकर्ते, आमचीच मुलं, तरी हा नियम. न्याय हा ओळखीवर सोडायचा नसतो, हे आपण शिकलेलो आहोत.

हे सगळं गोड झालं असं समजू नका. तुमच्यातल्याच काही पालकांनी आम्हाला येऊन सुनावलं. "तुमचे प्रयोग राहू द्या. बोर्डात मार्क कोण देणार? पाठच करून घ्या." त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरी दुसरी संधी नाही त्याला प्रयोग परवडत नाहीत. त्यामुळे आम्ही मध्यममार्ग काढला. आठवड्यातले दोन दिवस बोर्डाच्या पद्धतीचा सराव, वेळ लावून, पेपर सोडवून. बाकीचे दिवस समजण्यासाठी. पहिल्या वर्षी आमचा निकाल वाढला नाही, थोडा खालीच आला. तो आम्ही याच व्यासपीठावरून सांगितला नव्हता, आज सांगतो. परंतु त्या वर्षापासून आमच्या अभ्यासिकेचं एकही मूल चिठ्ठी घेऊन केंद्रात गेलं नाही, असं मुलं स्वतः आम्हाला सांगतात, आणि आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

बाहेरही वारं बदलतंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बोर्डाच्या परीक्षेनं घोकंपट्टीऐवजी समज तपासावी आणि मुलाला दुसरी संधी द्यावी असं म्हटलेलं आहे. सीबीएसईनं २०२६ पासून दहावीला एकाच वर्षात दोनदा परीक्षेची सोय ठरवली. कागदावर चांगलं आहे. पण १९२४ चा महाडचा ठरावही कागदावर चांगलाच होता. तळ्यापर्यंत आपल्यालाच चालत जावं लागतं.

तेव्हा माता-भगिनींनो, बांधवांनो, शेवटी आमचं मागणं थोडकं आहे. मूल घरी आलं की 'किती मार्क पडले' हे जरूर विचारा, पण त्याच्या आधी 'आज काय कळलं, मला सांग' असं विचारा. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. उलट बरं, त्याला नीट समजावून सांगावं लागेल. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या कुंपणापाशी कुणी उभं राहू नका, दुसऱ्या कुणाला उभं राहू देऊ नका. वीजबिल आलं की ते पोरांपुढे टाका, शंभर युनिटच्या पुढे दर का बदलला ते काढायला सांगा. आणि महिन्यातून एक रविवार आमच्या तोंडी परीक्षेला येऊन बसा. मुलं आईबापासमोर बोलताना जेवढा अभ्यास करतात तेवढा आमच्या धाकानं करत नाहीत.

तुम्हाला त्या पहिल्या मुलाचं काय झालं हे विचारायचं असेल. तो पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसला आणि ४८ टक्क्यांनी पास झाला. चिठ्ठी नव्हती. मग आयटीआयला गेला, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. या सभामंडपातले हे दिवे, ते पंखे आणि आमच्या हातातला हा माईक आज सकाळी त्यानंच जोडलेला आहे. तो मागे मीटरपाशी उभा आहे, पुढे यायला लाजतोय. त्याच्या आईला त्या रात्री आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. ताई, चूक त्याचीही होती आणि आमचीही. त्यानं आपली दुरुस्त करून आणली. आम्ही आमची दुरुस्त करतो आहोत, आमची वही तपासायला तुम्ही दर रविवारी या.

एवढं बोलून थांबतो. जय भीम! जय भारत!